चांदीवरचा अग्नी

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधून झाली की आमोण्याच्या आमच्या घरात चांदीची भांडी पेटीतून बाहेर येतात. पंचपात्र, पळी, निरांजन, गुलाबदाणी, अत्तरदाणी आणि एक तबक. विभूतीने घासलं की वर्षभराचा काळपटपणा निघतो आणि तबकाच्या काठावरची वेल दिसू लागते. ती वेल कसली, यावर दरवर्षी वाद होतो. कोणी द्राक्षाची म्हणतं, कोणी तोंडलीची. आजी म्हणायची, देवाला चालते ना, मग झालं.

वेल बाजूला ठेवू, नावं बघू. तबक, सुरई, प्याला, रकाबी हे सगळे शब्द आपल्याकडे फारशीतून आले. गुलाबदाणी-अत्तरदाणीतली ‘दाणी’सुद्धा तिकडचीच. पळी-पंचपात्राच्या शेजारी ही नावं इतकी निमूट बसली आहेत की त्यांना कोणी गाव विचारत नाही. विचारलंच तर उत्तर बहमनी आणि आदिलशाही काळाकडे बोट दाखवतं. १४७२ साली बहमनींसाठी गोवा घेणारा महमूद गवान हा कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. त्याच्यासारख्यांबरोबर भाषा आली, भांडी आली, रीतभात आली. पण इराणची चांदी पश्चिम भारतात त्याच्या कितीतरी शतकं आधी पोचली होती. तिच्यावर इराणचा देव होता. तो वाटेत पुसट होत गेला आणि शेवटी ओळखूच येईना.

देव आणि धातू यांची जवळीक दिचोली महालात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आमोण्याहून मांडवीच्या उताराला गेलं की नार्वे लागतं. तिथला सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंबांचा कुलदेव. कदंब राजा जयकेशीच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला पंजा उचललेला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद. आधी देवाचा प्रसाद, मग राजाचं नाव. इराणच्या राजांनी हेच काम चांदीवर केलं होतं, आणि त्यांनी अक्षरांपेक्षा चित्रावर जास्त भिस्त ठेवली होती.

इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने पार्थियन सम्राटाचा पाडाव करून ससानी घराण्याचं राज्य उभं केलं. या घराण्याचा मूळपुरुष इस्तख्रच्या अनाहिता देवीच्या मंदिराशी जोडला जातो, म्हणजे राजघराण्याचं मूळच देवळात. हे राज्य ६५१ पर्यंत टिकलं. त्याचं चांदीचं नाणं आपल्या रुपयाहून रुंद, पातळ आणि वजनाला सुमारे ४ ग्रॅम. एका बाजूला राजाची छबी. चेहरे सगळे एकाच वळणाचे, पण मुकुट ज्याचा त्याचा. राजा ओळखायचा तो मुकुटावरून. दुसऱ्या बाजूला अग्निवेदी: मध्ये खांब, वर ज्वाळा आणि दोन्ही अंगांना उभे असलेले दोन राखणदार. ही शोभेची नक्षी नव्हती. नवा राजा गादीवर आला की त्याच्या नावाचा अग्नी प्रज्वलित होई आणि त्याच्या कारकिर्दीची वर्षं त्या अग्नीच्या हिशेबाने मोजली जात. खिशातल्या नाण्यावर तोच अग्नी असे.

याच चांदीची ताटं, वाट्या आणि उंच मानेच्या सुरया घडत. ताट कसं घडे ते जरा जवळून पाहू. चांदीचा गोळा ठोकून ठोकून आधी पसरट तबकडी करायची. मग तिच्यावर राजा, घोडा, सिंह रेखायचे. जिथे अंगाला उठाव हवा तिथे कारागीर पत्रा घडवून घोड्याचं पुट्ठं किंवा राजाचा खांदा वेगळा बनवी. ताटाच्या पृष्ठभागावर बाह्यरेषेच्या कडेने चांदीची बारीक ओठाळी उचलून घेई, हा तुकडा तिच्याखाली सरकवी आणि ओठाळी पुन्हा ठोकून बंद करी. शेवटी पाऱ्यात कालवलेलं सोनं हव्या तेवढ्याच भागाला फासून तापवायचं. पारा उडून जाई, सोनं चांदीला धरून राही. चांदीच्या पांढऱ्या पटावर सोनेरी राजा, सोनेरी सिंह. अशा भांड्यांच्या तळाला कधी कधी ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं सापडतात: मालकाचं नाव आणि वजन. भांडं म्हणजे ठेवच. अडीनडीला ते वितळून पैसा होई, सुगीत पैसा वितळून भांडं.

या ताटांवरची शिकार पाहून हा राजांचा छंद होता असं वाटतं. पण इराणी मनाला त्यात आणखी काही दिसे. राज्य करायला देवाकडून एक तेज मिळावं लागतं, त्याला ते ख्वर्र म्हणत, पुढच्या फारशीत फर्र. अर्दशीरच्या पहलवी कथेत हे तेज मेंढ्याचं रूप घेऊन पळत्या अर्दशीरच्या मागे धावतं आणि त्याला गाठतं. तेज ज्याच्या पाठीशी, राज्य त्याचं. चांदीवरच्या मेंढ्याच्या गळ्यात फडफडती फीत दिसली की ती ही कथा आठवून पाहावी. कुत्र्याचं तोंड, पक्ष्याचे पंख आणि मोराचा पिसारा असलेला एक प्राणीही सुरयांवर येतो. बरेच जण त्याला सेनमुर्व म्हणतात, सगळ्या बियांच्या झाडावर बसून बी खाली झटकणारा पक्षी. काही अभ्यासकांना त्यातही राजतेजाचंच रूप दिसतं.

रशियातल्या हर्मिटेज संग्रहालयात क्लिमोवा गावी सापडलेलं एक ताट आहे. त्यावर चंद्राचा रथ आहे, चंद्रकोरीत बसलेली मूर्ती आहे आणि रथाला चार बैल जुंपले आहेत. हे बैल वशिंडाचे आहेत, आपल्या शेतातल्यासारखे. अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथात चंद्राला ‘गुरांचं बीज धारण करणारा’ म्हटलं आहे, म्हणून त्याच्या रथाला घोडे न जुंपता बैल जुंपले. त्या बैलांची मान आणि खांद्यावरचा उंचवटा पाहिला की पोळ्याच्या दिवशीची बैलजोडी नजरेपुढे येते.

सुरयांवर नाचणाऱ्या स्त्रियाही असतात. हातात फूल, फळांचं ताट, पक्षी, कधी बोट धरलेलं मूल. भोवती द्राक्षाच्या वेलीची कमान. काही विद्वान त्यांना अनाहितेच्या सेविका मानतात, काही ग्रीक मद्यदेवाच्या मिरवणुकीतल्या बायका समजतात, तर काहींना त्या ऋतू आणि सण वाटतात. अनाहिता मात्र अन्यत्र स्पष्ट भेटते. ताक-ए-बुस्तानच्या कोरीव गुंफेत राजा मुकुट घेतो आहे आणि त्याच्या बाजूला ती उभी आहे, हातातल्या भांड्यातून पाणी ओतत. अवेस्तेतली अनाहिता ही मुळात नदीच, पर्वतावरून निघून समुद्राला मिळणारी. देवी नदी आहे हे सांगायला शिल्पकाराला एक भांडंच पुरलं. आपल्याकडे कलश घेतलेली गंगा देवळाच्या दारात उभी असते, तिलाही कोणी नाव विचारत नाही.

आता एका राजाची गोष्ट. नाव पेरोझ, कारकीर्द ४५९ ते ४८४. पूर्वेला आमू नदीच्या पलीकडे श्वेत हूण म्हणजे हेफ्थाली प्रबळ झाले होते. पेरोझने त्यांच्यावर स्वारी केली आणि तो पकडला गेला. सीरियाक भाषेतल्या एका इतिवृत्तात त्याच्या सुटकेची किंमत नोंदलेली आहे: तीस खेचरांवर लादलेली चांदीची नाणी. खजिना खरवडून कशीबशी वीस खेचरं भरली. उरलेल्या दहांसाठी पेरोझने आपला मुलगा कवाद ओलीस ठेवला. पैसे चुकते झाल्यावर कवाद परत आला, पण बापाची खुमखुमी जिरली नव्हती. ४८४ मध्ये तो पुन्हा चालून गेला. बायझंटाईन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो की हूणांनी खंदक खणून वरून गवत-माती पसरली होती. पेरोझ आपल्या मुलांसह घोड्यावरून त्यात कोसळला. मरताना त्याने कानातला प्रसिद्ध मोती ओढून फेकून दिला, दुसऱ्या कोणाच्या कानात तो जाऊ नये म्हणून.

मोती हरवला, चांदी राहिली. पंख लावलेल्या मुकुटाचा पेरोझ आणि पाठीवर अग्निवेदी, अशी नाणी हूणांच्या हाती इतक्या प्रमाणात आली की तेच त्यांचं चलन होऊन बसलं. पुढे त्यांनी त्याच छापाची स्वतःची नाणी पाडली. हरलेल्या राजाचं तोंड जिंकणाऱ्यांच्या बाजारात चालू लागलं, आणि हूण भारतात उतरले तेव्हा ते त्यांच्याबरोबर खाली आलं.

पेरोझची खेचरं पूर्वेच्या घाटवाटा चढत होती, साधारण त्याच पंचवीस वर्षांत आपल्या वाघुर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी रंगवली जात होती. वाकाटक राजा हरिषेणाचा काळ. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उभं राहून मान वर केली की छतावर एक वेगळाच माणूस दिसतो. दाढी, टोकदार टोपी, लांब बाह्यांचा अंगरखा, पायात मोजे. तो बैठकीवर ऐसपैस बसला आहे, हातात प्याला आहे, शेजारी स्त्री आहे आणि सेवकांपैकी कोणी मद्याची सुरई धरून उभं आहे. हा प्रसंग छतावर थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा आला आहे. आसपास कमळं, हंस, फळं. भिक्षूंच्या विहाराच्या छतावर हा पिणारा परदेशी काय करतो आहे?

१८७९ साली जेम्स फर्ग्युसनने याचं उत्तर दिलं: हा इराणचा सम्राट दुसरा खुसरो, शेजारी त्याची शिरीन. आधाराला अरब इतिहासकार तबरीची नोंद होती. हिंदुस्थानच्या एका राजाचा खुसरोच्या दरबाराशी पत्रव्यवहार झाल्याचं त्यात येतं, आणि तो राजा बदामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी मानला गेला. त्याच लेण्यातल्या भिंतीवर परदेशी पोशाखातली माणसं दरबारात नजराणे आणताना दिसतात, म्हणून तो झाला ‘इराणी वकिलातीचा’ देखावा. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट बरीच वर्षं टिकली. अडचण तारखांची आहे. खुसरो ५९० ते ६२८ चा, पुलकेशी सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आज लेण्याचा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात, म्हणजे चित्र त्या दोघांच्याही जन्माआधीचं. भिंतीवरचा दरबारही बौद्ध कथेतला आहे असं अभ्यासक दाखवतात. छतावरचा माणूस कोणी ठरावीक राजा नाही. सार्थवाहांच्या तांड्यांतून ज्याची ओळख झाली होती असा तो सधन परदेशी आहे, आणि सुरई-प्याला ही त्याच्या ऐश्वर्याची खूण.

चित्रकाराला त्या प्याल्यामागची अनाहिता ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला प्याल्याचा घाट ठाऊक होता, आणि विहाराच्या छतावर समृद्धी मांडायला तेवढा पुरेसा होता. त्याच्या रंगपेटीतला निळा रंगही बदख्शानच्या डोंगरातल्या लाजवर्दाचा, म्हणजे जिथे पेरोझ आणि हूण झुंजत होते त्याच मुलखाचा. रंग आला, घाट आला, देव आला नाही.

याच भांड्यांच्या एका लोंढ्याचं नशीब उत्तरेला फार निराळं निघालं. ससानी चांदीची ताटं सर्वांत जास्त सापडली ती इराणात नव्हे, रशियात उरल पर्वताच्या पायथ्याला, पेर्मच्या जंगलात. व्यापारी ती तिकडे नेत आणि बदल्यात कातडी आणत. तिथल्या शिकारी लोकांना इराणचा राजा कोण हे माहीत नव्हतं, पण बर्फात लखलखणारं ताट त्यांना देवाचं वाटलं. त्यांनी त्यावर स्वतःची माणसं आणि जनावरं टोकदार हत्याराने ओरखडली. मानसी आणि खांती लोकांच्या देवस्थानांत अशी ताटं थेट विसाव्या शतकापर्यंत जपलेली आढळली. काही ठिकाणी ताटच लाकडी मूर्तीचा चेहरा झालं होतं. ज्या ताटात राजाने देवाचं तेज मागितलं, ते स्वतःच देव होऊन पूजेला बसलं, फक्त देव दुसराच.

आपल्याकडे नाणं उलट्या दिशेने गेलं. राजस्थान, माळवा, गुजरात आणि महाराष्ट्र या पट्ट्यात हूणांच्या नाण्यांवरून नवी नाणी पडत राहिली. साच्यावरून साचा, त्यावरून पुन्हा साचा. साचा कोरणाऱ्याने मूळ पाहिलेलं नव्हतं. पेरोझचा पंखांचा मुकुट आधी रेघांचा झाला. मग नाक म्हणजे एक उभी रेघ, डोळा म्हणजे एक ठिपका, केस म्हणजे ठिपक्यांची रांग. पाठीवरच्या वेदीचा खांब उरला, ज्वाळा ठिपके झाल्या, दोन राखणदार बाजूच्या रेघांत विरघळले. नाणं आक्रसून जाड झालं, चांदीत हीण वाढलं. लोकांना त्या रेघांत ना राजा दिसला ना अग्नी. त्यांनी नाव ठेवलं गधैया, आणि शापाने गाढव झालेल्या राजाची गोष्ट त्याला जोडून दिली. तीन-चारशे वर्षं पश्चिम भारताचे व्यवहार या नाण्यावर चालले. इराणच्या सम्राटाचा अग्नी बाजारात गाढवाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

कोकणातही ते चाललं. ठाण्याचे शिलाहार उत्तर कोकणावर राज्य करत होते. त्यांच्यातल्या छित्तराजाने याच गधैया छापाचं चांदीचं नाणं पाडून त्यावर नागरीत आपलं नाव घातलं. हा राजा गादीवर आला १०२२ च्या सुमाराला. त्याच्या थोडं आधी, १००९ मध्ये दोनदा आणि १०२१ मध्ये एकदा, काही माणसं साष्टीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी पाहायला चढली. नव्वदाव्या लेण्यात त्यांनी पहलवी लिपीत आपली नावं आणि तारीख कोरली. ही जरथुष्ट्री माणसं होती, आणि त्यांची तारीख यझ्दगर्द शकातली होती. शेवटचा ससानी सम्राट तिसरा यझ्दगर्द ६३२ मध्ये गादीवर आला आणि ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. नंतर कोणा राजाचा नवा अग्नी पेटला नाही. म्हणून यझ्दगर्दचीच वर्षं पुढे मोजली गेली. कान्हेरीतल्या १००९ च्या नोंदींत वर्ष ३७८ वं आहे. ती मोजणी पारशांनी आजही थांबवलेली नाही.

आता ठाण्याच्या बाजारात उभा असलेला असा एखादा पारशी डोळ्यांपुढे आणा. हातात गधैया, समोर नारळ किंवा मिठाचा वाणी. नाण्यावर त्याच्याच पूर्वजांच्या राजाचा अग्नी आहे. तो त्याला ओळखू आला असेल असं मला वाटत नाही. वाण्याने नाणं दगडावर वाजवून घेतलं असेल, मोड परत दिली असेल, आणि त्या पारशाच्या घरी किंवा अग्यारीत खरा अग्नी राखेखाली जपलेला असेल.

आपला कदंब राजाही याच बाजाराच्या गावी गेला होता. धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या शिलालेखात त्याचं वर्णन आहे. छट्टयदेव म्हणजे षष्ठदेव समुद्रावरून आला तेव्हा ठाण्याच्या मुम्मुणीने त्याला प्रेमाने महालात नेलं, आपली मुलगी दिली आणि जावयाला पाच लाखांचं सोनं दिलं. मुम्मुणी हा छित्तराजाचा भाऊ. अंबरनाथचं शिवालय १०६० मध्ये त्याच्याच काळात पुरं झालं. लग्नातलं देणं सोन्यात झालं, पण ठाण्याच्या बाजारात चांदीचा तोच पुसट अग्नी या हातातून त्या हातात जात होता. काही पिढ्यांनी कदंबांचं सोनं सप्तकोटेश्वराचं नाव घेऊन निघालं, ठसठशीत, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं.

चित्र विझलं पण अग्नी विझला नाही, कारण तो नाण्यावर अवलंबून नव्हता. परंपरेनुसार संजाणला प्रतिष्ठित झालेला पारशांचा पवित्र अग्नी इराणशाह मुसलमानी स्वारीच्या वेळी डहाणूजवळच्या बारोटच्या डोंगरातल्या गुहांत नेला. तिथे तो बारा वर्षं राखला, मग वांसद्याला, मग नवसारीला, आणि १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. डोंगर चढताना माणसांनी हातात जे धरलं होतं त्यावर राजाची छबी नव्हती. होते ते निखारे.

सप्तकोटेश्वराचीही हीच कथा आहे. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीज काळात पडलं आणि लिंग एका विहिरीच्या बांधकामात वापरलं गेलं असं सांगतात. पाणी ओढणाऱ्याला तो केवळ बऱ्या घाटाचा दगड होता. ज्यांना तो देव आहे हे ठाऊक होतं त्यांनी तो रातोरात नदीपार आणला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दगड दोन्ही हातांत तोच होता.

मुंबईच्या एखाद्या पारशी घरी नवजोतीच्या दिवशी गेलात तर चांदीचा सेस पाहा. मोठं गोल तबक, त्यात निमुळत्या टोपणासारखा सोपारो, गुलाबपाण्याचा गुलाबाज, कुंकवाची पिगानी आणि दिवो. आणि त्यांच्या शेजारी विड्याची पानं, सुपारी, तांदूळ, नारळ. इराणची आठवण चांदीच्या ताटात, आणि ताट भरलंय कोकण-गुजरातेतल्या मालाने. आमोण्याच्या तबकात याचीच उलटी जोडी आहे: नाव फारशी, आत आमचं हळदकुंकू आणि निरांजन.

यंदा तबक घासताना पुन्हा वाद निघाला. मी काठावरची वेल बोटाने चाचपून पाहिली. पानं रुंद आहेत, फळांचे घोस आहेत, पण घोस घासून घासून इतके सपाट झालेत की द्राक्ष की तोंडली हे आता चांदीला विचारून कळणार नाही. निरांजनात तूप घातलं, वात लावली. मूल हात भाजेल म्हणून कोणीतरी तबक सरकवलं. आतली ज्योत तेवढी हलली, आणि मग स्थिर झाली.